करवंदीच्या घाटातली बंद जीप

ऐका. लाकडं जरा आत सारा, धूर होतोय. हां. आता ऐका.

हैबती मेस्त्री तुमच्यातल्या कुणी पाहिला नसेल. मी पाहिलाय. स्टँडच्या मागं, आता खताचं दुकान आहे ना, तिथं त्याची पत्र्याची शेड होती. पंचेचाळीस वर्षं झाली असतील. चार-पाच गावांत मिळून तेव्हा दहा-बारा गाड्या. एखादी फटफटी, दोन-तीन ट्रक, एखादी जीप. आणि त्या सगळ्या रस्त्यात बंद पडायच्या. बंद पडली की माणूस चालत यायचा, “मेस्त्री, चला” म्हणायचा, की हैबती पिशवी उचलून निघाला.

काय असायचं त्या पिशवीत? दोन-चार पाने, पक्कड, तार, अंगाला लावायचा साबण आणि हळदीची पुडी. हसू नका. पेट्रोलची टाकी गळायला लागली की साबण चोळून भोक बुजवायचा. इंजिनाच्या पाण्याची टाकी गळली की आत हळद. हळद फुगते आणि भोकात जाऊन बसते. ट्यूब फाटली आणि जोडायला काही नाही, तर टायरमध्ये गवत ठासून भरायचा. पट्टा तुटला तर लुगड्याची चिंधी पिळून बांधायचा. म्हणायचा, “गाडी बरी करणं शहरातल्या गॅरेजचं काम. माझं काम तिला घरी पोचवायचं.” आणि पोचायची. अर्धं काम त्यानं कधी टाकलं नाही. तोच त्याचा तोरा होता, आणि तोच त्याला त्या रात्री नडला.

माणूस एकटा. बायको चांगुणा, तिला जाऊन सहा वर्षं झालेली. लेक दिलेली लांब, दोन दिवसांच्या वाटेवर. दिवसभर गाड्यांशी झटायचा, आणि घरी गेला की चुलीवर एका माणसाची भाकरी. एका माणसाचा स्वयंपाक वाईट असतो, बरं का. तवा नीट तापेपर्यंत भाकरी संपते. मग रात्र केवढी उरते.

तर मार्गशीर्षातली गोष्ट. घाटापलीकडं मुरूडखोऱ्यात भिकाजी धुमाळाचा उसाचा ट्रक अडला होता. हैबतीनं दिवसभर खपून तो चालता केला. तोवर दिवेलागण झाली. धुमाळाची बायको म्हणाली, “मेस्त्री, आजची रात राहा. थंडी किती पडलीय.”

घरात पोरंबाळं, सुना, जावई आलेला. ताटं मांडलेली. हैबती ओसरीवर बसला, पण त्याचा घास गिळेना. भरलेलं घर बघितलं की त्याला आपलं घर आठवायचं. म्हणाला, “नको वहिनी. घरी वाट बघतात.”

कोण वाट बघत होतं? कुणी नाही. पण तो उठला.

तिनं भाकरी आणि मिरचीचा खर्डा फडक्यात बांधून दिला. भिकाजी म्हणाला, “नव्या रस्त्यानं जा. लांब पडला तरी चालेल. करवंदीचा घाट उतरू नका.”

नव्या रस्त्यानं चाळीस किलोमीटर. जुन्या घाटानं चौदा. जुना घाट नवा रस्ता झाल्यापासून सुना पडलेला. कडेचे दगड ढासळलेले, करवंदीची जाळी रस्त्यावर आलेली. हैबतीनं विचार केला, आपल्याला काय, गाडी बंद पडली तर आपणच मेस्त्री. आणि आपली फटफटी त्यानं घाटाकडं वळवली.

ऐकताय ना? इथनं पुढं नीट ऐका.

तिसरं वळण उतरला आणि समोर उजेड दिसला. कंदिलाचा. एक जीप उभी, तोंड दरीच्या बाजूला, बॉनेट वर केलेलं. शेजारी एक माणूस दगडावर बसलेला. खाकी कपडे, डोक्याला मफलर. पन्नाशीचा असेल. हैबतीनं फटफटी रस्त्याच्या आतल्या कडेला लावली, पिशवी घेतली, चार पावलं चालून गेला.

माणूस उठला. म्हणाला, “थांबलात. बरं झालं. कुणी थांबतच नाही हो.”

“काय झालं गाडीला?”

“पाणी राहत नाही. मी अंताजी. तुम्ही?”

“हैबती. मेस्त्री आहे मी.”

“मग देवच पावला,” अंताजी म्हणाला. “मला फक्त घरी पोचायचंय.”

आता सांगा, हैबतीला दुसरं काय पाहिजे? त्यानं बाह्या सारल्या. पाण्याच्या टाकीला तडा होता. हळदीची पुडी आत सोडली, अंताजीनं डब्यातलं पाणी ओतलं. काम करताना माणूस कंदील धरून उभा, आणि बोलत होता. काय गोड बोलणं! “जेवलात का? हात गारठलेत तुमचे. घरी कोण असतं? बायको कधी गेली? काय झालं होतं तिला?” सहा वर्षांत हैबतीला हे कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारायचे, गाडी कधी होईल. हैबती बोलायला लागला आणि बोलतच राहिला. चांगुणाचा ताप, तो पाऊस, ती बैलगाडी, सगळं सांगितलं. पाना मागायच्या आधी पाना हातात येत होता.

“मारा चावी,” हैबती म्हणाला.

इंजिन घरघरलं. जीप हातभर पुढं सरकली आणि बंद पडली.

“मागच्या चाकाला दगड लावा,” हैबती म्हणाला.

“लावलाय,” अंताजी म्हणाला. “आता बघा, पट्टा गेलाय वाटतं.”

बघतो तर खरंच, पंख्याचा पट्टा तुटून लोंबत होता. मघाशी धड होता. जुना माल, तुटला असेल. हैबतीनं डोक्याचा फेटा सोडला, पीळ घातला, ओला केला, दोन चाकांवरनं ओढून गाठ मारली. थंडीत उघडं डोकं. अंताजी हळहळला, “तुमचा चांगला फेटा गेला की.” हैबतीला त्या हळहळण्याचंच बरं वाटलं.

चावी मारली. घरघर. जीप परत हातभर पुढं. बंद.

“पेट्रोल संपलं असणार,” अंताजी म्हणाला.

हैबती आपल्या गाडीकडं गेला. मघाशी चार पावलं होती. आता पंधरा-वीस झाली, आणि थोडा चढ लागला. फटफटीच्या टाकीची नळी काढून बाटली भरली, आणून ओतली. परत गेला, परत भरली. सगळं पेट्रोल ओतलं. पण टाकीत पडल्याचा आवाज काही आला नाही. विहिरीत खडा टाकावा आणि डुबूक ऐकू येऊ नये, तसं झालं. हैबतीनं कान दिला, तेवढ्यात अंताजीनं विचारलं, “लेकीचं नाव काय म्हणालात?” आणि तो सांगत बसला.

बघा कसं असतं ते. चकवा वाट चुकवतो. हा वाट चुकवत नव्हता. माणसाला बोलतं करत होता.

घरघर. हातभर पुढं. बंद.

“एक प्लग गेला,” हैबती आपणच म्हणाला. आणि आपल्या फटफटीचा प्लग काढायला निघाला. या खेपेला त्याला करवंदीच्या जाळीला धरून वर चढावं लागलं. धाप लागली. त्याला वाटलं, वय झालं आता. वर जाऊन प्लग काढला. सहज आभाळाकडं बघितलं. तिकांडं, त्या तीन चांदण्या, घाटात शिरला तेव्हा डोंगराच्या जरा वर होत्या. अजून तिथंच. दोन-तीन तास काम झालं, आणि चांदण्या जागच्या हलल्या नव्हत्या.

हैबतीला ते खटकलं. पण खाली कंदील होता, माणूस होता. वर काय होतं? काळोख. तो खाली उतरला.

प्लग बसवायला त्यानं बॉनेटखाली वाकून इंजिनावर हात टेकला. आणि हात तिथंच राहिला.

इंजिन गार. थंडीतलं लोखंड असतं तसं गार. तीनदा चालू झालेलं इंजिन. मेस्त्रीचा हात तो, बाकी सगळं फसेल, हात कसा फसेल? इंजिन क्षणभर जरी चाललं तरी ऊब धरतं. हे चाललंच नव्हतं. आज नाही, काल नाही. किती वर्षांत नाही.

तरी त्यानं हातातला प्लग बसवला.

अंताजी शेजारी येऊन उभा राहिला. हळू म्हणाला, “झालं. आता चालू होईल. तुम्ही आत बसा, मी मागनं ढकलतो. उतार आहे, दोन हात जोर लावला की झालं.”

हैबतीनं दारात पाय ठेवला. एक पाय आत, एक बाहेर. सवयीनं आतल्या पायानं ब्रेक शोधला. ब्रेक नव्हता. पाय खाली गेला, आणखी खाली गेला. तळच नव्हता. तळव्याला वाळलं गवत लागलं, आणि खालनं दरीतला वारा पायजम्यात शिरला.

तेव्हा त्याला कळलं. तो रस्त्यावर नव्हताच. रस्ता वर राहिला होता. हातभर, हातभर करत तो त्या गाडीबरोबर कपारीवर आला होता. पुढं काही नव्हतं.

“बसा ना,” अंताजी म्हणाला. आवाजात राग नाही, धमकी नाही. “एकट्यानं जायचा कंटाळा आलाय हो. तुम्हाला नाही का येत?”

ऐका, मंडळी. हैबती मला स्वतः म्हणाला होता, की त्या घटकेला तो बसणार होता. घाबरून नाही. त्याला वाटलं, खरंच की, कुठं जायचंय आपल्याला? चूल गार, अंथरूण गार. हा निदान नावानं हाक मारतोय. दाराच्या चौकटीवर त्याची पकड सैल झाली.

पण त्याचा डावा हात अजून इंजिनाच्या गारव्यानं बधिर होता. त्या हाताकडं त्यानं बघितलं. आणि जन्मात कधी म्हणाला नव्हता ते म्हणाला.

“अंताजी, ही गाडी माझ्यानं होणार नाही.”

“असं काय म्हणता. थोडंच राहिलंय.”

“राहू दे.”

“अर्धं काम टाकून जाणार?”

“जाणार,” हैबती म्हणाला, आणि पाय बाहेर ओढला.

पिशवी तिथंच टाकली. जाळीला धरत, काटे ओरबाडत, गुडघ्यांवर वर चढला. मागं वळला नाही. फटफटीला प्लग नाही, पेट्रोल नाही. इंजिन नाही म्हणजे दिवा नाही. त्यानं स्टँड काढला, गियर मोकळा केला, आणि गाडी उतारावर सोडून दिली.

करवंदीचा घाट, काळोख, ना दिवा ना इंजिन. नुसता चाकांचा आवाज आणि वारा. वळण कुठं हे अंदाजानं. दोनदा चाक कडेच्या दगडांवर गेलं. पाचवं वळण उतरला आणि गाडीची मागची बाजू खाली दबली. मागं कुणी बसलं की दबते ना, तशी.

आणि कानाशी आवाज आला. “सावकाश चालवा. पुढं खड्डा आहे.”

पुढं खरंच खड्डा होता. हैबतीनं तो चुकवला.

“लेकीकडं कधी जाणार मग?” आवाज म्हणाला. “सांगा ना. मघाशी अर्धं राहिलं तुमचं.”

हैबतीनं दात आवळले. डोळ्यांतनं पाणी चाललेलं. उत्तर द्यावंसं वाटत होतं, हीच तर पंचाईत. भूत किंचाळलं असतं तर सोपं होतं. ते विचारपूस करत होतं.

घाट संपला. सपाटी लागली आणि गाडी मंदावत थांबली. मागचं ओझं तसंच. तो उतरून ढकलू लागला. एका माणसाचं ओझं ओढावं तशी गाडी जड. शंभर पावलं ढकलली, दोनशे ढकलली. आवाज आता काही बोलत नव्हता. नुसता मागं बसून होता. मग शेताडीत धनगरांचा वाडा दिसला, मेंढरं बसलेली, शेकोटी पेटलेली. कुत्री भुंकत धावून आली. हँडल एकदम हलकं झालं, आणि हैबती गाडीसकट तोंडावर आपटला.

“कोण हाय रं?” म्हणत एक म्हातारी धनगरीण पेटती चूड घेऊन आली. त्याची उघडी टाळू, रक्ताळलेले हात बघितले. काही विचारलं नाही तिनं. घोंगडी टाकली अंगावर आणि शेकोटीपाशी बसवला.

सकाळी दोघं धनगर त्याला घेऊन घाटात वर गेले. तिसऱ्या वळणाखाली कपारीवर एक जीप अडकलेली. गंजून चाळण झालेली, इंजिनातनं पिंपळाचं रोपटं उगवलेलं. पुढची दोन्ही चाकं अधांतरी. आणि पंख्याला हैबतीचा फेटा बांधलेला, पक्की गाठ मारून. धनगरांना ठाऊक होतं. वीस वर्षांपूर्वी अंताजी ड्रायव्हरची ही जीप वर रस्त्यात रात्री बंद पडली. तो कंदील घेऊन बसला. दोन गाड्या गेल्या. एकही थांबली नाही. शेवटी एकट्यानंच उतारावर ढकलायला गेला, आणि गाडीबरोबर खाली गेला.

“फेटा काढून आणू का?” एक धनगर म्हणाला. हैबती नको म्हणाला.

पुढं पंधरा दिवस तापानं फणफणत होता. त्यातनं उठला तो आमच्या ओसरीवर येऊन बसू लागला. रोज, दिवे लागले की. फार बोलायचा नाही. आमचे आबा पान जमवून द्यायचे, तो खायचा. होळीला लेकीकडं जाऊन आला, चांगला महिनाभर राहून आला. आणि एकदा मी एकटाच होतो, तर मला म्हणाला, “मी निघालो ना, तेव्हा एकदाच मागं बघितलं. वरनं. मागं वळलो नाही म्हणून सगळ्यांना सांगतो ते खोटं. बघितलं मी. तो मागं धावत नव्हता. कंदिलाची वात बारीक करत होता. रात्रभर पुरवायची असते ना, तशी.”

मग तो उठून घरी गेला.

म्हणून सांगतो. करवंदीच्या घाटानं कधी जाऊ नका. दिवसा नको, आणि दिवे लागल्यावर तर नकोच. आणि वाट चुकून गेलातच, आणि तिसऱ्या वळणाला बॉनेट वर केलेली जीप दिसली, शेजारी कंदील घेऊन माणूस दिसला, तर गाडी हळू करू नका. काय झालं म्हणून विचारू नका. तो हात करेल. तुम्हाला वाईट वाटेल.

वाटू द्या. थांबू नका.