वॉक-इन मतलब पैदल

मे महिना, दुपारचे तीन, नोएडातल्या एका सरकारी संस्थेचं ग्रंथालय. इथल्या एका कारखान्याच्या धुराने कामगारांची फुप्फुसं खराब होतायत, अशी बातमी मी दिली होती. कारखान्याच्या मालकाने दम भरल्यावर आमचे संपादक म्हणाले, "सहापर्यंत पुरावा आण, नाहीतर उद्या माफी छापतो." पुरावा होता एका परदेशी वैद्यकीय नियतकालिकातल्या, अशाच धुरावरच्या लेखात, आणि तो उघडायचा फक्त या ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर.

ग्रंथपाल सहस्रबुद्धेबाई मूळच्या पुण्याच्या. म्हणाल्या, "नियतकालिकाशी झालेल्या करारात दोघांनाच परवानगी आहे. इथले कर्मचारी आणि वॉक-इन यूजर."

"मग मी वॉक-इनच की."

"तुम्ही स्कूटरवर आलात ना?"

मला थट्टा वाटली. त्यांनी शेजारी बसलेल्या प्रशासन अधिकाऱ्याकडे बोट दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "वॉक-इन मतलब पैदल. गेट पर आपकी गाड़ी का नंबर चढ़ा है."

"भाईसाहब, वॉक-इन मतलब बाहर का कोई भी पाठक."

"तो पैदल आने में क्या हर्ज है?"

बाई हळूच म्हणाल्या, "भांडू नका. मी रोज भांडते."

शेवटी स्कूटर फाटकाबाहेर लावली आणि उन्हातून चालत परत आलो. लेखाची प्रिंट हातात पडली, माफी टळली.

मी निघत होतो, तेवढ्यात संस्थेची गाडी दारात थांबली. संचालकांचे जावई उतरले आणि थेट त्याच कॉम्प्युटरवर बसले. ते कर्मचारी नाहीत, आणि पायीही आले नव्हते. ते करारातल्या कोणत्या कलमात बसतात, हे त्या अधिकाऱ्याने मला आजतागायत सांगितलेलं नाही.