अर्धवट डम्प फाईल

न्हाई हो आक्का, काल कॉम्प्युटर बंद पडला तवा लाईट गेली नव्हती. गेली असती तरी काय — टेबलाखाली बॅटरी हाय की, लाईट गेली तरी मशीन चालूच राहतं. बसा तुम्ही. दूध यायला येळ हाय अजून, पोपटराव मागं कॅन धुतोय. चेअरमन आबांच्या आधी मला तुमच्याशी बोलायचं होतं. उद्या डेअरीची मीटिंग हाय, तुम्हाला ठाऊकच हाय — ह्या सीमानं, म्हंजी मी, कायतरी उलटंसुलटं दाबलं, म्हून संध्याकाळच्या नोंदी उडत्यात, कुनाच्या दुधाचा फॅट सापडंना, तवा कॉम्प्युटर तिच्या हातातनं काढा आन् मुक्ताबाईच्या, तुमच्याच, सुनंला बसवा. स्नेहलनं शिरूरला कोर्स केलाय. हुशार हाय पोरगी, मी कुठं न्हाई म्हनते?

पन मी काय काय केलं ते ऐका. मशीन पडतं तवा स्क्रीन निळी होती, व्हय ना? आन् खाली टक्के चढत्यात. तेवढ्यात ते आपली जबानी लिहित असतं — कशानं पडलो, कोन दगा देतंय. त्याला डम्प फाईल म्हनत्यात. ती पुन्याच्या इंजिनियरला धाडली की दुखनं कळतं. पन दर टायमाला तो म्हने, ताई, फाईल उघडंना, अर्धीच लिहिलीय. मला वाटलं डिस्क खराब — तपासली, धड निघाली. वाटलं जागा पुरंना — कुनाच्या तरी हळदीचं व्हिडिओ भरून ठेवलं होतं, सगळं काढलं. सेटिंग बदललं, मोठ्या फाईलीऐवजी लहान लिहायला सांगितली. लहान तर लहान, पन पुरी लिही की बाबा! तरी अर्धीच. मग मशीनची स्वतःची नोंद उघडली, तर तिथं दर टायमाला एकच — वीज अचानक तुटली. आता बॅटरी असताना वीज कशी तुटंल? सांगा की. मी बॅटरीवर आळ घेतला, आक्का. नवी बॅटरी मागवा म्हून आबांच्या मागं लागले. तुमचं नाव मनात बी आलं न्हाई.

काय म्हनता, घाबरून बंद केलं? व्हय, मलाबी आधी तसंच वाटलं असतं. रांगेतनं लोकं वरडत्यात, 'बंद करून चालू कर!' — टीव्हीचा डबा असू दे न्हाईतर विहिरीवरची मोटार, आपल्याकडं सगळ्याला एकच औषध. पन काल माझा डबा इथंच राहिला, म्हून मी परत आले. रांग संपली होती. खिडकीतनं बघितलं — कोन वरडत नव्हतं, आक्का. तुम्ही टक्के वाचत बसला होता. संध्याकाळच्या पाळीला बसवताना मीच शिकवलं होतं ना, शंभर होईस्तोवर हात लावायचा न्हाई? नव्वदच्या पुढं गेलं आन् तुम्ही खाली वाकून बॅटरीतनं मशीनची पिन काढली. घाई न्हाई, भ्या न्हाई — चुलीवरचं दूध उतरावं तशी. वर पोपटरावाला म्हनालात, 'सीमानं बिघडवून ठेवलंय, आता निस्तरा.'

रडू नका. रडायचं ते मी काल रडले, न्हानीत नळ सोडून, घरी कुनाला ऐकू जाऊ नये म्हून. सासूबाईंना काय सांगू? गावातलं कुनी आमच्या वस्तीत पानी बी पीत न्हाई; तुम्ही पहिल्यांदा चहाला आलात, तवा सासूबाई कप धुतच बसल्या होत्या, धुतलेलाच परत धुवायच्या — आन् तुम्ही म्हनालात, 'आवं, द्या की, चहा निवला.' बाकी गावाकडनं कधी काय येईल त्याच्या तयारीतच असते मी. तुमच्याकडं मात्र बिनघोर पाठ करून बसले होते.

स्नेहलसाठी केलं, ते कळतंय हो. पन मी आबांना मागंच म्हनले होते, आक्कांचे गुडघे दुखत्यात, संध्याकाळला सुनंला घ्या, मी शिकवते — आबांनी मनावर घेतलं न्हाई, ती गोष्ट येगळी. जाऊ दे. हे सांगायचं नव्हतं मला.

आज दुपारी पत्रा तापला आन् मशीन परत पडलं. मी हितंच बसले, शंभर होऊ दिलं. फाईल धडधाकट उघडली. आतली रॅम खराब झालीय — बोटाएवढी पट्टी, तापली की दगा देती. एवढंच होतं. इंजिनियरचा मेल बी आलाय. उद्या तो आबांपुढं ठेवनार, म्हंजी माझी खुर्ची कुठं जात न्हाई. पिनेचं न्हाई बोलनार मी. हात नका जोडू — तुमच्यासाठी न्हाई करत. चारचौघांत ते माझ्या तोंडातनं निघनारच न्हाई, म्हून.

चला, कॅन वाजायला लागले. आजची पाळी तुमचीच हाय, बसा हितं. परत निळी झाली तर हात लावू नका, मला हाक मा— न्हाई. मला नको. पोपटरावाला मारा.

जाते मी.