धुरा, भिंत अन् वायफाय

(नार्नूरकडचं एक गाव. नागोराव आणि चंपतराव या सख्ख्या भावांची घरं, मधात एकच भिंत. गयाबाई ही नागोरावची बायको. चार वाजायला आलेत.)

नागोराव : तेच इचारून राह्यलो मी. वायफाय माह्यं, कापसाचा भाव पाहाले घेतलेलं. त्याच्यात चंपतचं नाव काऊन दिसून राह्यलं?

गयाबाई : मीच पासवर्ड देल्ला. भाऊजीच्या घरात टावर लागत नाही. नीलिमा बेल्लमपल्लीहून रोज चार वाजता फोन करते, चेहरा दिसते तसा. बापाले पाह्यल्याशिवाय पोरीले जेवण जात नाही. नववा महिना हाय तिले.

नागोराव : शेताच्या धुऱ्यापायी, त्या हातभर बांधापायी नऊ वर्सं झाली, त्याच्याशी बोलणं बंद हाय आपलं.

गयाबाई : आपलं नाही, तुमचं. बरं झालं याले तार नाही. तार असती तर ती कोणाच्या भिंतीवरून गेली म्हणून तुमी दोघांनी आणखी नऊ वर्सं काढली असती.

नागोराव : फायदे नको सांगू मले. बदलून टाकला मी पासवर्ड.

गयाबाई : आता? चार वाजता?

चंपतराव : वयनी! ओ वयनी! नुसतं चाक फिरून राह्यलं इकडं!

गयाबाई : पासवर्ड बदलला, भाऊजी. तुमच्या भावानं.

चंपतराव : मंग इचारा त्याले, नवा काय हाय.

नागोराव : सांग त्याले. 'धुरा नागोरावचा.' इंग्रजी अक्षरात, सगळं जोडून.

गयाबाई : अवो, हे काय मांडलं तुमी?

नागोराव : मंडल हापिसात तीन दरख्वास्ती देल्ल्या. मोजणी झाली, पंचनामा झाला. तरी पठ्ठ्या कबूल करत नाही. आता आपल्या हातानं लिहील.

चंपतराव : वयनी, सांगा त्याले, मी मेलो तरी लिहीत नाही!

गयाबाई : दोघांलेही भिंतीतून चांगलं ऐकू येते, अन् पोस्टमन मी. भाऊजी, चार वाजून गेले. तिकडं पोर फोन धरून बसली असन.

चंपतराव : ...डी, एच, यू... वयनी, 'राव' लिहाच लागते काय?

नागोराव : लागते म्हणाव.

गयाबाई : लागते म्हणते.

चंपतराव : घ्या, लिहिलं! ...लागलं, लागलं! नीलू! बोल माय! अवं, उशीर कायचा, बोट अडकलं होतं. जेवली काय?

गयाबाई : झालं समाधान?

नागोराव : झालं. नऊ वर्सांत सरकारले जमलं नाही ते पाच मिनिटात... काय म्हणून राह्यली ती?

गयाबाई : मले काय इचारता? कान तर तुमचाच भिंतीले हाय.

नागोराव : आवाज बारीक झाला तिचा.

चंपतराव : वयनी, नीलू इचारून राह्यली, मोठेबाबा कसे हायत. दाखवा म्हणते. म्या म्हटलं, कसा दाखवू, मधात भिंत हाय.

गयाबाई : ऐकलं काय?

नागोराव : ऐकलं. सदरा दे माहा.

गयाबाई : आता कायले सदरा?

नागोराव : बनियनवर दिसू काय पोरीले? ...चंपत! अबे चंपत, फोन घेऊन इकडं ये ना. त्याले कुठं तार हाय.