सोमेशच्या दारात

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आपले पाळकसाहेब रेव्हरंड प्रभु साळवे, बाईसाहेब आणि मंडळीतील बंधुभगिनींनो, सर्वांना जय ख्रिस्त.

साहेबांच्या तेवीस वर्षांच्या सेवेबद्दल वक्ते बोललेच. मी, धनाजी कसबे, एकाच दिवसाचं सांगतो.

माझा धाकटा भाऊ सोमेश कुर्डुवाडीला गॅरेजात कामाला. नऊ वर्षांपूर्वी मंद्रूपहून येताना तो पिऊन मोटरसायकल चालवत होता. मागे माझी मुलगी रूथ बसली होती. ती गेली, तो वाचला. शिक्षा भोगून सुटला, तरी मी त्याचं तोंड पाहिलं नाही. तुम्ही पाहिलं असतं का?

साहेब दर महिन्याला घरी यायचे, चहा घ्यायचे, हळूच विषय काढायचे. मी उठून जायचो. मग मागच्या वर्षी प्रभुभोजनाच्या रविवारी मी हात पुढे केला, तर साहेब भाकरीचं ताट घेऊन पुढे निघून गेले; भावाशी वैर धरून ती भाकर घ्यायची नसते. खोटं कशाला सांगू, भयंकर राग आला. उपासनेनंतर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सोमेशनं बायकोला माहेरी पाठवलंय, कपडे वाटून टाकलेत. काल मला दार उघडलं नाही. शेजाऱ्याला तिथं बसवून आलोय. आत्ताच्या आत्ता जा."

कुर्डुवाडीला गेलो. शेजारचे मल्लप्पा उंबऱ्यावर बसलेले. म्हणाले, "सकाळधरनं हाकेला ओ देत न्हाय."

आठ वर्षांत ते नाव मी उच्चारलं नव्हतं. म्हणालो, "सोमेश, दादा आलाय."

मल्लप्पा दार तोडायला उठले, तेवढ्यात कडी निघाली. खोलीत भांडी घासून पालथी घातलेली. रूथचा फोटो कापडात गुंडाळलेला, वर चिठ्ठीत माझं नाव.

"दादा, उद्या आला असतास, तर मी भेटलो नसतो," तो म्हणाला.

मी त्याचा हात धरून त्याला सोलापूरला आणलं. डॉक्टरांची गोळी चालू आहे, बायको परत आली आहे. सगळं मिटलं असं समजू नका. जेवताना तो समोर बसला, की मला ती मोटरसायकल दिसते. तो फार वेळ दिसला नाही, की मी जाऊन त्याच्या दारावर थाप मारतो. आणि साहेब आता अकलूजला चाललेत.

माफ केलं, हे मी त्याला अजून तोंडानं म्हटलेलं नाही. तो मागच्या रांगेत बसलाय. सोमेश, मी तुला माफ केलं. उद्या परत राग येईल, तेव्हा परत म्हणेन.

साहेब, तुमचे उपकार. आयोजकांचे आभार. घरातलं दुःख सभेत मांडलं, वेळही जास्त घेतला. एवढं आपण पोटात घालावं.