काट्यावरचं पाणी

दाजी : उतरतो, परत चढतो. तू जरा पाठ फिरव.

मेहुणा : दाजी, तीनदा चढलात. काटा काय तुमची भीड ठेवून कमी दाखवणार आहे?

दाजी : मघाशी बूट होते पायात.

मेहुणा : आता बूट काढले, मोजे काढले, पट्ट्यासकट पँटही टांगली. याच्यापुढे काही काढायचं असेल तर आधी दार लावून घेतो.

दाजी : बडबड नको. किती?

मेहुणा : सत्त्याण्णव किलो दोनशे.

दाजी : शनिवारी सकाळी घरी चौऱ्याण्णव सहाशे होतो. तुझ्या बहिणीने बघितलंय.

मेहुणा : शनिवारी होतात. शनिवार आणि आजचा सोमवार यांच्यामध्ये एक रविवार येऊन गेला.

दाजी : रविवारचं मला काय सांगतोस? तुझ्याच घरी होतो ना मी? तुझ्या आईचा सत्तरावा वाढदिवस. म्हाताऱ्या बाईने हाताने भरवायला घेतलं, तर जावयाने काय तोंड फिरवायचं? एका जेवणात अडीच किलो! माणूस आहे की गोणी?

मेहुणा : हळू बोला. बाहेर सगळे हार्नेसचे पट्टे चढवतायत.

दाजी : ऐकू दे. त्यांनाही ठाऊक आहे इथं काय चाललंय. बावीस वर्षं काढली दोरावर. ह्या गावात अशी उंच काच दाखव, जी मी बाहेरून पुसलेली नाही. आणि कोण कुठला एक साहेब येतो, लिफ्टमध्ये एकटाच दोघांची जागा खातो, आणि म्हणतो, पंच्याण्णवच्या वरचा माणूस दोरावर नको. माझा आकडा त्याच्या वर गेला, आणि तीन महिने झाले, खालच्या पार्किंगमध्ये फरशी पुसतोय मी! लोक माझ्या ओल्या फरशीवरून बूट वाजवत जातात आणि मोबाइलमधून मान वर काढत नाहीत.

मेहुणा : पंच्याण्णव साहेबाने काढलं नाही. दोराचा ब्रेक एकशेवीस किलोचा. तुमचा हार्नेस, बादली, पाणी, वायपर धरून पंचवीस. राहिले पंच्याण्णव. हिशोब बरोबर आहे.

दाजी : तू कुणाच्या बाजूने आहेस?

मेहुणा : ब्रेकच्या.

दाजी : वा! बहीण देऊन हे मेहुणे मिळवलेत मी.

मेहुणा : बहीण आम्ही दिली, दाजी. तुम्ही घेतलीत.

दाजी : हसू नकोस रे. हसायची वेळ नाही. आज बत्तीस मजल्यांच्या त्या नव्या इमारतीची जोडी ठरतेय. साडेआठला साहेब तुझी वही मागणार. माझ्या नावापुढे अगदी काठावरचं चौऱ्याण्णव नऊशे जरी असलं, तरी मी नऊ वाजता गच्चीवर. नसलं, तर तो मिशीवाला जाणार. आणि एकदा जोडी लागली की काम संपेपर्यंत सुटत नाही. सहा महिने. मग मला वर कोण नेतंय? मी पन्नाशीचा होईन.

मेहुणा : जीभ का चिकटतेय तुमची?

दाजी : कुठं चिकटतेय?

मेहुणा : 'मिशीवाला' म्हणताना अडखळलात. ओठ बघा, साल निघालंय. पाणी कधी प्यायलात?

दाजी : काल संध्याकाळी.

मेहुणा : काल संध्याकाळी? आता पावणेआठ होतायत सकाळचे!

दाजी : पाण्यालाही वजन असतं. तुझ्याच तोंडून ऐकलंय, बादली बारा किलोची.

मेहुणा : आणि खिशात काय आहे? मघाशी पँट टांगलीत तेव्हा खडखडलं काहीतरी.

दाजी : काही नाही.

मेहुणा : काढा.

दाजी : अरे, पाणी काढायच्या गोळ्या आहेत. तासाभरात लघवीवाटे दोन किलो खाली, औषधाच्या दुकानातला म्हणाला. आत्ता घेतली तर साडेआठपर्यंत दोन-तीन वेळा जाऊन येतो आणि मग चढतो तुझ्या काट्यावर. कुणाच्या बापाचं काय जातंय?

मेहुणा : थांबा. फोन वाजतोय. ताईचा आहे.

दाजी : उचलू नकोस. तिची सकाळची ड्युटी आहे, उगाच कशाला...

मेहुणा : ताई, बोल. हो, आहेत. समोरच आहेत, अर्धे कपडे घालून. थांब, दोघांना ऐकू येईल असं करतो.

(मेहुणा फोन काट्याशेजारच्या स्टुलावर ठेवतो.)

ताई : अहो, कचऱ्याच्या डब्यात औषधाच्या दुकानाची पिशवी होती. निघताना बघितली. वाचायला बसमध्ये वेळ मिळाला. किती घेतल्यात?

दाजी : एक पण नाही.

ताई : छोट्या, खरं?

मेहुणा : पाकिटात दहाच्या दहा आहेत. माझ्या हातात आहेत.

ताई : हातातच ठेव. वजन किती आलंय?

मेहुणा : सत्त्याण्णव दोनशे.

ताई : असंच येणार होतं.

दाजी : असंच येणार होतं म्हणजे? तुला माहीत होतं? अगं, अकरा आठवडे मी भात बघितला नाही, पाव बघितला नाही, चहात साखर नाही. अंडी खाऊन खाऊन माझा कोंबडा झाला. आणि एका दुपारीत अडीच किलो चरबी परत!

ताई : चरबी नाही हो ती. पाणी आहे.

दाजी : पाणी काल संध्याकाळपासून...

ताई : प्यायलेलं नाही, धरलेलं. ऐका. माझ्या वॉर्डात किडनीचे पेशंट येतात. मशीनवर घ्यायच्या आधी मी त्यांचं वजन करते, सोडायच्या आधी परत करते. चार तासांत कुणी दोन किलो उतरतं, कुणी तीन. पलंगावर पडल्या पडल्या त्यांची चरबी जाते का? पाणी जातं. तुमचं तेच, फक्त उलट. भात-पाव बंद केलेत तेव्हा अंगात साठवलेली साखर संपली. ती साखर एकटी राहत नाही. एक भाग साखर, तर तीन भाग पाणी धरून बसते. ती गेली, पाणी गेलं. काल तुम्ही पोटभर खाल्लंत, अंगाने कोठार परत भरून घेतलं. पाणी आलं. वर ते खारे बटाटे हाणलेत, त्या मिठाने आणखी धरलं.

दाजी : म्हणजे मी जाड झालो नाही?

ताई : एका दिवसात? अडीच किलो चरबी चढवायची तर आठवडाभर पानावरून उठता येणार नाही. तुम्ही काल चारलाच उठलात.

मेहुणा : साडेचारला.

ताई : तू गप्प बस. आजपासून आपलं नेहमीचं खा. तीन-चार दिवसांत जसं आलं तसं जाईल. काही करावं लागत नाही.

दाजी : थांब, थांब. मग पहिल्या आठवड्यात मी चार किलो उतरलो होतो, ते काय होतं?

ताई : बरंचसं हेच.

दाजी : पाणी?

ताई : पाणी.

दाजी : अख्ख्या जिन्याला सांगितलं मी. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना शर्ट वर करून पोट दाखवलं. आणि तू बघत होतीस?

ताई : बघत होते. तुम्ही फार दिवसांनी हसत होता हो. पार्किंगमधून आलात की जेवून भिंतीकडे तोंड करून पडायचात. म्हटलं, हसतोय माणूस, हसू दे. तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलं माझं.

दाजी : म्हणजे चौऱ्याण्णव सहाशे पण खोटंच.

ताई : खोटं कसं? नऊ किलो तरी खरोखरचे गेलेत. पट्ट्याला दोन नवी भोकं मीच पाडलीत ना? काटा माणूस मोजत नाही, त्या घटकेला अंगात जे जे आहे ते सगळं मोजतो. आमच्याकडे एक आजी आहेत, वजन वाढलं की रडतात. त्यांनाही रोज हेच सांगते.

दाजी : बरं. पटलं. आता माझं ऐक. नुसतं पाणीच आहे म्हणतेस ना? मग गोळीने ते काढलं तर बिघडलं कुठं?

ताई : गोळीला काय कळतंय, कालच्या जेवणाचं पाणी कुठलं आणि रक्तातलं कुठलं? ती सगळं ओढते. सोबत मीठही नेते. तुमच्या ह्या आहारात ते आधीच जास्त जातं. विसरलात, दुसऱ्या आठवड्यात पोटऱ्यांत गोळे येऊन ओरडत उठला होतात? वर काल संध्याकाळपासून घोट नाही. एकाएकी डोळ्यांपुढे अंधारी येते. वॉर्डात आली तर मी पलंगाचा पायथा वर करते, बाटली लावते. तुम्हाला ती येईल अकरा वाजता, काचेवरचं ऊन तोंडावर घेत, सत्ताविसाव्या मजल्यावर. तिथं कोण पाय वर करणार तुमचे? तो जोडीदार? तो त्याचा दोर सोडेल?

दाजी : बावीस वर्षांत मला कधी गरगरलं नाही.

ताई : बावीस वर्षांत कधी गोळी खाऊन चढला नाहीत. मशीन वाजतंय माझं, जाते. छोट्या, त्यांना पाणी दे. आणि अहो...

दाजी : काय?

ताई : काही नाही. आल्यावर बोलू.

मेहुणा : ठेवला तिने. घ्या बाटली.

दाजी : राहू दे. इकडे ये जरा. माझं एक ऐक. पाणीच आहे ना? तुझी बहीण हॉस्पिटलमधली, ती सांगते. तीन दिवसांत जाणार. मग तू तीन दिवस आधीच लिहून टाक. चौऱ्याण्णव आठशे. गोळी नको, काही नको. मी पाणी पितो, वर जातो, धडधाकट. खोटं कुठं आहे त्यात?

मेहुणा : आकड्यात.

दाजी : अडीच किलोने तो ब्रेक तुटणार आहे का? खरं बोल.

मेहुणा : नाही तुटणार.

दाजी : मग?

मेहुणा : ही वही बघा. डावं पान माणसांचं, उजवं पान दोरांचं. तुमचा निळा दोर इथं आहे. परवा मी तो हातभर हातभर सरकवत तपासला, चौसष्ट मीटरवर जरा घासलेला वाटला, बाद केला. सहा वर्षं ही वही मी लिहितोय, तुम्ही एकदा तरी मला विचारलंत, मेहुण्या, उजवं पान खरं लिहिलंयस ना?

दाजी : विचारायचं काय त्यात? तू लिहिलंयस.

मेहुणा : हां. आज डाव्या पानावर मी तुमच्यासाठी लिहिलं, उद्या साहेब म्हणेल, अरे, अजून महिनाभर चालेल तो दोर, लिही चांगला. मग मी काय तोंडाने नाही म्हणू?

दाजी : तू नाही म्हणशीलच. ओळखतो मी तुला.

मेहुणा : मी ओळखत नाही. म्हणून नको.

दाजी : च्यायला. तू पण ना.

मेहुणा : चिडलात?

दाजी : तुझ्यावर कशाला चिडू? ऐक, एक सांगतो, बहिणीला सांगू नकोस. तुझ्या आईने काल मला एकच घास भरवला.

मेहुणा : माहितीये. मी शेजारीच बसलो होतो.

दाजी : तेवढ्याने काही होत नव्हतं. जेवणं झाली, सगळे आडवे झाले. मी पाणी प्यायला आत गेलो. टेबलावर पाव होता, उरलेला. बटाटे होते, अर्धा केक होता. उभ्या उभ्या खाल्लं रे. कुणी आग्रह केला नाही, काही नाही. वाटलं, झालं आता, पोचलो आपण. चौऱ्याण्णव सहाशे. सोमवारी वर. इतकं बरं वाटत होतं. त्या भरात खाल्लं, आणि सकाळी काट्यावर... वाटलं, मी पार्किंगच्याच लायकीचा.

मेहुणा : केक मी केला होता.

दाजी : चांगला होता.

मेहुणा : दाजी, फेरवजन म्हणून एक गोष्ट आहे.

दाजी : कुठं?

मेहुणा : नियमात, खालच्या ओळीत. ज्याचं वजन शंभरच्या आत असेल त्याने लेखी मागितलं, तर चौथ्या दिवशी परत काट्यावर घ्यावं लागतं. तोवर त्याची जागा कुणाला कायमची देता येत नाही. सहा वर्षांत एकानेही मागितलं नाही. सगळे एक तर तुमच्यासारखं पाकीट घेऊन येतात, नाहीतर माझ्या खांद्यावर हात ठेवतात.

दाजी : आणि तू सहा वर्षं बोलला नाहीस?

मेहुणा : साहेबाला लेखी कागद आवडत नाही. माझीही नोकरीच आहे. बोललो नाही, हे खरं.

दाजी : सालं, तुमचं सगळं खानदानच शांत. बहीण दहा आठवडे बोलत नाही, भाऊ सहा वर्षं.

मेहुणा : आज बोललो ना.

दाजी : आणि गुरुवारी उतरलं नाही तर?

मेहुणा : तर मिशीवाला. पण कारण लिहावं लागेल आज. काय लिहू?

दाजी : खरं ते लिही. रविवारी पाव खाल्ला.

मेहुणा : साहेब हसेल.

दाजी : हसू दे. उभ्याने खाल्ला, तेही लिही. तोवर मी काय करू? फरशी?

मेहुणा : आज मिशीवाल्याची पहिलीच उंच इमारत आहे. खाली दोरापाशी जुना माणूस पाहिजे. मी तुमचं नाव घालतो.

दाजी : त्याचा दोर मी धरू? माझ्या जागेवर तो, आणि खाली मी मान वर करून?

मेहुणा : नसेल जमत तर दुसरा बघतो.

दाजी : दुसरा कोण आहे? त्या बाकीच्यांना वाऱ्यातला दोर कळतो का? मिशीवाला तोंडाने फार बोलतो, पण कोपऱ्यावर वळताना घाबरतो. मी बघितलंय. दे ती बाटली.

मेहुणा : हळू प्या. एकदम नको.

दाजी : ...अजून आहे का?

मेहुणा : ही घ्या.

दाजी : हां. आता काटा लाव.

मेहुणा : लिहिलंय मी, सत्त्याण्णव दोनशे. परत कशाला?

दाजी : आत्ता लिटरभर प्यायलोय. आत्ता आहे ते लिही.

मेहुणा : अठ्ठ्याण्णव दोनशे.

दाजी : पेन दाबून लिही. कार्बनखालच्या प्रतीवरही नीट उमटलं पाहिजे.