यंदाही गोष्टीवाला नको

बँकेच्या रांगेत आजोबांच्या मागे उभे असलेले बहीणभाऊ मुलांच्या उन्हाळी शिबिराच्या खर्चावरून हुज्जत घालत होते.

"ताई, यंदाही गोष्टीवाला नको. तेवढंच मानधन वाचेल."

"मग रात्री पोरांना झोपवणार कोण?"

"मीच. गेल्या वर्षी नाही झोपवलं?"

"शिबिराचा जमाखर्च वाचून दाखवलास त्यांना!"

"पण झोपली की नाही?"

"झोपली ना! आता त्यातली निम्मी यायला तयार नाहीत. त्यांची फी आली नाही, तर शिबिरच गुंडाळावं लागेल."

आजोबांनी दोनदा घसा खाकरला, तिसऱ्यांदा कुठे शब्द फुटला.

"मला... थोड्याफार गोष्टी येतात. पैसे नकोत."

"अहो, देवासारखे भेटलात!" ताई म्हणाली.

भावाने आजोबांना नखशिखांत न्याहाळलं.

"आजोबा, जेवता किती?"