कोपऱ्यातलं नाव

आमच्या पाट्या रंगवायच्या दुकानाचा एक नियम होता, त्याला का म्हणून विचारायचं नाही: समोरच्या रामभाऊ पेंटरच्या पाटीला ब्रश लावायचा नाही. मग एकदा रामभाऊ शिडीवरून पडले, मनगट मोडलं, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ते रंगवत असलेली एका कापड दुकानाची पाटी अर्धीच राहिली. बाबा खूश, "आता गिऱ्हाईक आपल्याकडेच येते!" मी सरळ गेले, उरलेली अक्षरं काढली आणि कोपऱ्यात रामभाऊंचंच नाव घातलं.

मोठे काका भडकले, "काऊन वं, कॉलेजात हेच शिकवतात तुले? जा, पुसून आपलं नाव टाक!"

"नाही पुसत. बाबा, उद्या तुम्ही पडले तर तुमची पाटी कोण पुरी करन? काका? त्याहिले तर ब्रशही धरता येत नाही."